अनुभव धागा: कोकणात राहून मायक्रो, बायोटेक, लॅब शिकलेले कोण कोण?

पुतणीला नीटमध्ये हवे तेवढे मार्क पडले नाहीत. घरात सुतक असल्यासारखं चाललंय. काल मागच्या पडवीत बसून हळूच विचारते, "काकी, बायोमेडिकल सायन्स घेतलं तर पुढे नक्की करायचं काय?" मी स्वतः रत्नागिरीत मायक्रोबायोलॉजीची बीएस्सी केलेली, तरी मला दोन वाक्यांत सांगता येईना. म्हणून हा धागा. बायोमेड, मायक्रो, बायोटेक, डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा), माणसाच्या आजाराशी नातं सांगणारं काहीही चालेल. सल्ले नकोत, अनुभव लिहा.

माझ्यापासून सुरुवात. पहिलं वर्षभर आम्ही मुख्यतः 'मीडिया', म्हणजे जंतू वाढवायचं खाद्य, शिजवला. शिजवला हाच शब्द बरोबर. लिटरला २८ ग्रॅम न्यूट्रिएंट अगर, मग ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर १५ मिनिटं. म्हणजे आईचा कुकरच, शिट्टीऐवजी काटा बघायचा इतकंच. अगर म्हणजे आपण घरी दुधात घालतो तो चायनाग्रास, समुद्री शेवाळाचा. जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत खाद्य घट्ट करायला आधी जिलेटिन वापरायचे, ते उन्हाळ्यात वितळायचं; १८८१ च्या सुमारास फॅनी हेसे बाईंनी स्वयंपाकघरातला अगर सुचवला. रत्नागिरीत मे महिना काढलेल्याला ती अडचण समजावून सांगावी लागत नाही. पावसाळ्यात वेगळी तऱ्हा. वीज गेली की इन्क्युबेटर गार, आणि प्लेटवर आपण पेरलेलं राहतं बाजूला, बुरशीचंच पीक येतं.

मालवणी कालवण
माझ्या आजयेक तीन वर्षां समजाक नाय.
"म्हणजे तू डॉक्टर होतलंस?"
"नाय गे आये."
"मगे नर्स?"
"नाय."
"मगे करतंस तरी काय थंय?"
शेवटी तिनाच वाडीत सांगल्यान, आमचा चेडू रगत बघून रोग सांगता. माझ्या पदवीची याच्यापेक्षा बरी व्याख्या माका अजून गावूक नाय.

कैरीचं लोणचं
डीएमएलटीची इंटर्नशिप देवगडच्या बाजूला, ग्रामीण रुग्णालयात. रात्री साडेनऊला आंब्याच्या बागेतला राखणदार आणला, पायाला फुरसं चावलेलं. डॉक्टर म्हणाले, वीस मिनिटांची टेस्ट लाव. पुस्तकात ती चार ओळींत आहे: कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचं, हलवायचं नाही, वीस मिनिटांनी तिरकी करून बघायची. गुठळी झाली तर ठीक. वाहिलं, तर विषाने रक्त गोठण्याचा सगळा ऐवज संपवलाय.

मी घाईत हाताला लागली ती प्लास्टिकची नळी घेतली. सिस्टर ओरडल्या, "अगो काच घे, काच!" काचेच्या होत्या त्या साबणाने धुतलेल्या. त्याही चालत नाहीत. साबणाचा अंश राहिला तर चांगलं रक्तसुद्धा गोठत नाही आणि माणसाला उगाच प्रतिविष दिलं जातं. शेवटी कपाटावरचा नवा खोका फोडला.

नळी स्टँडला लावली. समोर भिंतीवरचं घड्याळ, त्याच्याखाली राखणदाराची बायको. ती दर दोन मिनिटांनी विचारायची, "झालं काय गो?" आणि मला नळीला बोटही लावायचं नव्हतं. वीस मिनिटांनी तिरकी केली तर कोकमाचं आगळ ओतल्यासारखं रक्त सरकन वाहिलं. प्रतिविषाच्या दहा कुप्या सलाईनमधून सुरू झाल्या. सहा तासांनी पुन्हा नळी, पुन्हा वाहिलं, पुन्हा कुप्या. सकाळी दहाच्या नळीत मात्र तळाला जाड गुठळी बसली होती, उलटी केली तरी ढिम्म. मी ती नळी स्वयंपाकघरातल्या मावशींनाही नेऊन दाखवली. त्यांनी नाक मुरडलं.

खाडीपल्याड
@कैरीचं लोणचं, अंगावर काटा आला. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर आठवले. आपल्या रायगडात बसून त्यांनी विंचूदंशाच्या रुग्णांच्या बारीक नोंदी ठेवल्या, प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध त्यावर वापरलं, आणि १९८० च्या दशकात त्यांचं काम 'लॅन्सेट' या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आमच्या मॅडम पहिल्या तासाला हे सांगायच्या. पुढे जोडून "म्हणून साधनं नाहीत ही सबब माझ्याकडे चालणार नाही" हे असायचं. तो भाग आम्हाला आवडायचा नाही.

तिसऱ्यांचं सुकं
बाबांची बोट रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराला. टीवायचा माझा प्रोजेक्ट: बाजारातल्या तिसऱ्यांमध्ये (शिंपल्यांमध्ये) व्हिब्रिओ जातीचे जंतू सापडतात का. टीसीबीएस नावाच्या अगरवर कॉलऱ्याचा जंतू साखर पचवून पिवळा उठतो, आणि पोट बिघडवणारा पॅराहिमोलिटिकस साखर पचवत नाही म्हणून हिरवा. हा अगर ऑटोक्लेव्ह करायचा नसतो, नुसता उकळायचा. मी ऑटोक्लेव्ह केला. पावडर महाग, सर दोन दिवस बोलले नाहीत.

दुसऱ्या खेपेला हिरव्या कॉलनी आल्या, विहिरीच्या पायरीवरच्या शेवाळासारख्या. त्याच टोपलीतल्या तिसऱ्या आदल्या रात्री घरी झाल्या होत्या. आईला सांगितलं तर म्हणते, "शिजवल्यावर मरतात ना? मग गप जेव." शास्त्राच्या दृष्टीने तिचंच बरोबर. फक्त, पोस्टर बाजाराच्या आसपास कुठे लावायचं नाही अशी ताकीद मिळाली.

आंबट शौकीन
आमच्या कॉलेजात दरवर्षी निदान चौघांचा प्रोजेक्ट एकच: कोकमाच्या सालीचा जंतूंवर परिणाम. आम्हीही केला. प्लेटवर अर्काच्या खळग्याभोवती जंतू न वाढलेलं हे मोठं स्वच्छ वर्तुळ, ग्रुपवर फोटो, पेटंटच्या गप्पा. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एकच विचारलं, "तेवढ्याच आंबटपणाचं नुसतं ॲसिड घालून पाहिलंत का?"

नव्हतं पाहिलं. नंतर पाहिलं, तर त्याचंही वर्तुळ जवळजवळ तेवढंच. तीन महिने खपून आम्ही आंबट वस्तू आंबट असते हे सिद्ध केलं होतं. पण 'कंट्रोल' म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. आता औषध कंपनीत क्वालिटीला आहे आणि समोरच्याला पहिला प्रश्न तोच विचारतो.

घाटावरचा
सांगलीहून चिपळूणला शिकायला आलो. लेप्टोस्पायरा या जंतूचा धडा झाला: उंदराच्या मुतातून पाण्यात, पाण्यातून पायाच्या चिरेत. साध्या मायक्रोस्कोपखाली धड दिसत नाही, डार्क फील्ड, म्हणजे काळ्या पार्श्वभूमीवर जंतू उजळ दाखवणारा, लागतो. आठवड्याभरात मेसवाल्या काकूंचे यजमान भाताची लावणी करून तापाने पडले. डोळे लाल, पोटऱ्यांना हात लावू देईनात. मी लगेच "लेप्टो, लेप्टो" म्हणून उड्या मारायला लागलो. दवाखान्यात नेलं तर डॉक्टरांनी दारातच विचारलं, "लावणी झाली का?" माझ्या दोन क्रेडिटांचं ज्ञान त्या तीन शब्दांत होतं. त्यानंतर लावणीच्या दिवसांत काकू यजमानांना आशाताईंनी दिलेली डॉक्सीची (डॉक्सिसायक्लिन, अँटिबायोटिक) गोळी आठवड्याला गिळायला लावायच्या, समोर उभं राहून.

दोडामार्गी
२०१६ मध्ये आमच्या तालुक्यात माकडताप आला तेव्हा मी अकरावीत. मेलेलं माकड दिसलं की लोक वाट बदलायचे, काजूच्या बागेत जायला घाबरायचे. गोचिडीने होतो, मूळ १९५७ साली कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात सापडला, हे सगळं नंतर वर्गात शिकलो. परीक्षेत पाच मार्कांना आला. मी दोन पुरवण्या जोडल्या.

सही नसलेला
थोडं कडू लिहितो. डिसेंबर २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की रिपोर्टावर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर झालेल्या डॉक्टरची सही हवी. आमच्याकडे तसा डॉक्टर जवळपास नव्हता. अकरा वर्षं चालवलेली लॅब मी गुंडाळली, आता नमुने गोळा करून पुढे पाठवतो. नियम चुकीचा म्हणणार नाही, भलतेसलते रिपोर्ट मीही पाहिलेत. पण प्रवेश घेताना हे मुलांना कोणी सांगत नाही. काकी, पुतणीला सांगा.

धागाकर्ती
सांगितलं. शेजारीच बसून वाचतेय. तिचा प्रश्न आहे, लॅबचं वगैरे राहू दे, ती नळी काचेचीच का लागते?

कैरीचं लोणचं
काचेला रक्त टेकलं की फॅक्टर बारा जागा होतो आणि गोठण्याची साखळी सुरू होते. प्लास्टिकला तसं होत नाही, धडधाकट माणसाचं रक्तही पातळ राहू शकतं. हे मी नंतर वाचलं. त्या रात्री फक्त सिस्टरना माहीत होतं.