सोसायटी ग्रुप : मुलांच्या बक्षिसाला यूएसबीचे दिवे घ्यायचे का?

ए-101 (सचिव): नमस्कार मंडळी. गणपतीतल्या चित्रकला आणि निबंध स्पर्धेच्या बक्षिसाला यंदा 40 यूएसबी दिवे द्यावेत असं सांस्कृतिक समितीचं म्हणणं आहे. फोटो वर टाकलाय. अंतराळवीर उभा आहे, हेल्मेटमधून उजेड पडतो. नगाला 150 रुपयांपर्यंत बजेट. कॉम्प्युटरपाशी आणि रात्री वाचायला, दोन्हीकडे चालेल. कुणाची हरकत असेल तर आजच सांगा, उद्या ऑर्डर जाईल.

बी-105: दिसायला गोड आहे हो. पण याच्या उजेडात वाचता येतं का?

बी-402: काकू, गोड आहे, तेवढंच. या प्रकारात बहुधा हेल्मेटच्या काचेमागे एकच एलईडी असतो. कीबोर्डवरची अक्षरं दिसतील, पुस्तकाचं उघडं पान पूर्ण उजळणार नाही. शिवाय मान आखूड असते, त्यामुळे दिवा पानाच्या वर येतच नाही, बाजूने तिरका पडतो. रात्री वाचायला वाकणाऱ्या मानेची आठ एलईडींची पट्टी याहून कितीतरी बरी. साधारण दीड वॅट घेते आणि पानापासून 30-35 सेंटिमीटरवर धरली तर काम होतं. अंतर दुप्पट केलं की उजेड निम्मा नाही, चौथाई होतो. म्हणून दिवा जवळ आणणं हे जास्त वॅटचा दिवा घेण्यापेक्षा स्वस्त पडतं.

सी-203: नेत्रतपासणीच्या बाजूने दोन शब्द. वाचताना पानावर 300 ते 500 लक्स (उजेड मोजायचं माप) उजेड असावा. मोबाइलमध्ये लक्स मीटरचं फुकट ॲप मिळतं, फोन पानाच्या जागी उताणा ठेवायचा, पुढच्या कॅमेऱ्याशेजारचा सेन्सर झाकायचा नाही. आकडा काटेकोर येत नाही, पण 80 आहे की 400 एवढं नक्की कळतं.

डी-501: रोबोट, मांजर, मशरूम असे पण आकार आहेत. मशरूम छान दिसेल 🍄

ए-304: आकार कुठलाही घ्या, आत माल तोच.

बी-105: मोबाइलचा 65 वॅटचा चार्जर लावला तर दिवा उडेल का? मुलं हाताला येईल तो चार्जर लावणार.

बी-402: नाही उडणार. चार्जर स्वतःहून 9 किंवा 20 वोल्ट सोडत नाही, समोरच्या वस्तूने मागितले तरच देतो. दिवा काहीच मागत नाही, म्हणून त्याला 5 वोल्टच मिळतात. आणि करंट दिवा ओढेल तेवढाच जातो, चार्जरवर लिहिलेला सगळा नाही. उलट ड्रॉवरमध्ये पडून असलेला जुना 5 वोल्ट 1 अँपिअरचा चार्जर यासाठी उत्तम. फक्त त्यावर बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) नोंदणीची खूण आणि आर ने सुरू होणारा नंबर आहे ना ते बघा. बिननोंदणीच्या चार्जरमध्ये 230 वोल्टची बाजू आणि 5 वोल्टची बाजू यांत पुरेसं अंतर राखलेलं असेलच याची खात्री नसते. धातूच्या मानेचा दिवा मूल हातात धरणार असेल तर हा मुद्दा सोडू नका.

ए-101 (सचिव): म्हणजे दिव्यापेक्षा चार्जर महत्त्वाचा?

बी-402: दिव्यात पण खोट असते, ती फोटोत दिसत नाही. पांढऱ्या एलईडीला साधारण 3 वोल्ट लागतात, यूएसबीतून 5 येतात. मधले 2 वोल्ट रेझिस्टरने, म्हणजे करंट आवरणाऱ्या छोट्या भागाने, खायचे असतात. 20 मिलिअँपिअरच्या एका एलईडीला हिशोब असा: 5 वजा 3.1 म्हणजे 1.9, भागिले 0.02, उत्तर 95. बाजारात 100 ओहम मिळतो, तो लावायचा. चांगल्या पट्टीत प्रत्येक एलईडीला स्वतंत्र रेझिस्टर असतो. पैसे वाचवणारे सगळ्यांना मिळून एकच लावतात. मग जो एलईडी जास्त तापतो त्याला लागणारे वोल्ट कमी होतात, त्यामुळे तो आणखी करंट ओढतो, आणखी तापतो. आधी एक मंद होतो, मग त्याच्या वाटचा करंट इतरांवर येतो आणि पट्टीच्या पट्टी जाते. पारदर्शक झाकण असेल तर सरळ मोजता येतं: एलईडीच्या शेजारी छोटे काळे चौकोन आणि त्यावर 101 किंवा 330 असे आकडे. 101 म्हणजे 100 ओहम, 330 म्हणजे 33 ओहम. आठ एलईडी आणि एकच चौकोन दिसला तर ठेवून द्या.

ए-304: काका, पेटवून पाच मिनिटांनी पट्टीच्या पाठीला बोट लावलं तरी अंदाज येतो. कोमट ठीक. बोट ठेववत नसेल तर लवकर जाणार. ॲल्युमिनियमची पाठ असलेली घ्या.

बी-402: बरोबर. आणि तापलेला पांढरा एलईडी हळूहळू निळसर होत जातो. आतला चिप मुळात निळाच असतो, वर पिवळ्या फॉस्फरचा थर असतो म्हणून आपल्याला पांढरं दिसतं. तो थर उष्णतेने खराब झाला की निळा डोकावतो.

सी-203: रात्री वाचायला तसाही निळसर नको. खोक्यावर 6500 के लिहिलेलं असेल तर पांढरा-निळसर, 2700 किंवा 3000 के असेल तर पिवळसर. झोपायच्या आधीच्या वाचनाला पिवळसर घ्या. उजेडातल्या निळ्या भागाने मेलाटोनिन (झोप आणणारं संप्रेरक) दबतं आणि झोप उशिरा लागते. गणितं सोडवायला दिवसा 4000 के बरा. चित्रकलेच्या बक्षिसाला देताय तर सीआरआय, म्हणजे उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, पण बघा, 80 च्या खाली नको, 90 असेल तर उत्तम. कमी सीआरआयच्या उजेडात कुंकवाचा लाल विटकरीकडे झुकतो, रंगपेटीतले दोन लाल वेगळे ओळखू येत नाहीत.

बी-105: खोक्यावर हे लिहिलेलं असतं?

सी-203: स्वस्तात बहुतेक वेळा नसतं काकू. मग तळहात धरून बघा. हात प्रेतासारखा करडा दिसला तर नको 😄

दुसरी चाचणी. दिव्याखाली पेन पंख्यासारखं भराभर हलवा. पेनाची सलग धूसर झालर दिसली तर ठीक, तुटक तुटक पेनं दिसली तर दिवा लुकलुकतोय. पूर्ण उजेडावर हे सहसा होत नाही, टचच्या बटणाने कमी केला की होतं, कारण बऱ्याच दिव्यांत उजेड कमी करायचा म्हणजे भराभर चालू-बंद करायचा. स्लो मोशनमध्ये शूटिंग केलं तर काळे पट्टे दिसतात. डोकं दुखण्याची तक्रार असलेल्या मुलांना असा दिवा देऊ नका.

डी-501: आमच्याकडे सगळं टाइप-सी आहे. लॅपटॉपला जुनं मोठं पोर्टच नाही. मग?

बी-402: हा खरा घोटाळा. दिव्याच्या बुडाला टाइप-सी सॉकेट असतं, पेटीत एका टोकाला जुनी मोठी पिन असलेली वायर येते, त्या वायरीवर चालतो. दोन्ही टोकं सी असलेली वायर लावली की मेला. कारण सी-टू-सी मध्ये चार्जर आधी समोर कुणी आहे का बघतो. त्यासाठी दिव्याच्या सॉकेटमध्ये सीसी नावाच्या दोन्ही पिनांवर 5.1 किलोओहमचा एकेक रेझिस्टर लागतो. स्वस्त दिव्यांत बरेच उत्पादक तेवढेही घालत नाहीत. दिवा परत पाठवू नका, बिघडलेला नसतो. पेटीतलीच वायर वापरा.

तुमच्या लॅपटॉपला किंवा सी चार्जरला जोडायचा असेल तर ओटीजीची छोटी पिन घ्या, एका बाजूला सी, दुसऱ्या बाजूला जुनं मोठं भोक. तिच्यात तो रेझिस्टर असतो, म्हणून चालतं. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत घाऊकमध्ये स्वस्त पडेल.

ए-101 (सचिव): म्हणजे प्रत्येक दिव्याबरोबर ही पिन द्यायची?

बी-402: निदान मोठ्या गटाला द्या.

ए-304: आणि दिवा सरळ लॅपटॉपच्या पोर्टात खोचू नका. 25-30 सेंटिमीटरची मान म्हणजे तरफ झाली. मूल दिवा फिरवतं तेव्हा सगळा जोर पोर्टाच्या सोल्डरवर येतो, पोर्ट डुगडुगायला लागतं. अर्ध्या मीटरची एक्स्टेंशन वायर लावा, तिचं टोक टेबलाला चिकटपट्टीने बसवा. मानेच्या आतली वायर पण पिनेला लागूनच तुटते, म्हणून मान मधून वाकवायची, बुडातून नाही. दिवा हलवल्यावर लुकलुकतो आणि एका कोनात नीट पेटतो, तर वायर तिथेच गेलेली असते. तिथला 3 सेंटिमीटर तुकडा कापून पुन्हा सोल्डर केलं की चालतो.

डी-501: पीसी बंद केला तरी आमचा रंग बदलणारा आरजीबी दिवा रात्रभर चालू राहतो, ते काय?

ए-304: पीसीचा एसएमपीएस (आत वीज पुरवणारा डबा) पीसी बंद असतानाही 5 वोल्टची स्टँडबाय लाइन देतो. बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन ईआरपी नावाचा पर्याय एनेबल करा, दिवा बंद होईल. त्यानंतर कीबोर्ड दाबून पीसी सुरू होणार नाही, बटणच दाबावं लागेल. लॅपटॉपला ज्या पोर्टाशेजारी बॅटरीचं किंवा विजेचं चिन्ह आहे ते झाकण मिटल्यावरही वीज देऊ शकतं. दीड वॅटचा दिवा रात्री आठ तास राहिला तर 12 वॅट-तास गेले, 50 वॅट-तासाच्या बॅटरीचा जवळपास पाव.

रंगीत पट्ट्यांचं वेगळं. प्रत्येक एलईडीचा रंग वेगळा बदलणारी डब्ल्यूएस2812बी पट्टी पूर्ण पांढऱ्यावर एका एलईडीला 60 मिलिअँपिअर ओढते. 30 एलईडी म्हणजे 1.8 अँपिअर. यूएसबी 2 च्या पोर्टाची मर्यादा 500 मिलिअँपिअर, निळ्या यूएसबी 3 ची 900. टीव्हीच्या मागे लावली की टीव्ही ‘यूएसबी ओव्हरलोड’ दाखवतो किंवा पट्टी लालसर होते. वेगळा 2 अँपिअरचा चार्जर द्या.

बी-105: मखराला त्या तांब्याच्या तारेच्या माळा लावतो त्यांचं पण हेच का? शेवटचे दिवे मंद असतात.

बी-402: त्याचं कारण तार. बारीक तारेत वोल्ट पडत जातात, टोकाला कमी पोचतात. 10 मीटरची एक माळ घेण्यापेक्षा 5-5 च्या दोन घ्या आणि दोन चार्जरवर लावा.

डी-501: वीज गेली तर पॉवरबँकवर चालेल ना दिवा? आमचा अर्ध्या मिनिटात बंद पडतो.

बी-402: दिवा नाही, पॉवरबँक बंद पडते. करंट फार कमी असला की तिला वाटतं फोन भरला, आणि ती झोपते. छोट्या एकाच एलईडीच्या खेळण्यातल्या दिव्यांना हे हमखास होतं. काही पॉवरबँकमध्ये बटण दोनदा दाबलं की कमी करंटचा मोड सुरू होतो, तो वापरा. नाहीतर दीड वॅटची पट्टी लावा, ती तिला जागं ठेवायला पुरते. 10000 एमएएचची पॉवरबँक म्हणजे 37 वॅट-तास, घट जाऊन 30 धरा, पट्टी 20 तास चालेल.

ए-101 (सचिव): आत बॅटरी असलेला चार्जिंगचा घेतला तर?

बी-402: 150 मध्ये चांगला सेल बसत नाही. स्वस्त स्टडी लॅम्पमध्ये अजून 4 वोल्टची लेड ॲसिड बॅटरी येते. सुट्टीत दोन महिने रिकामी पडून राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेट जमतं, मग चार्जच धरत नाही. लिथियमचा असेल तर पांघरुणात चार्जिंगला लावू नये, फुगला तर टोचू नये, ई-कचऱ्यात द्यावा.

सी-203: सचिव, बालगटाला काय देताय? मशरूम-मांजरवाल्यांत बटण सेल असलेले पण येतात. ते अजिबात नकोत. गिळलेला बटण सेल अन्ननलिका दोन तासांत भाजून काढू शकतो. घ्यायचाच तर सेलच्या झाकणाला स्क्रू असलेला. त्यापेक्षा पाच वर्षांखालच्यांना दिवाच देऊ नका, रंगपेटी द्या.

बी-105: आणि उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाने दिवा कुठल्या बाजूला ठेवायचा तेही चिठ्ठीवर लिहा.

सी-203: डावीकडे, म्हणजे हाताची सावली अक्षरावर येत नाही. डावखुऱ्याने उजवीकडे. एलईडीचे ठिपके सरळ डोळ्यांना दिसू नयेत, दुधी झाकणाची पट्टी घ्या. उघड्या आठ ठिपक्यांखाली लिहिताना पेनाच्या टोकाला आठ सावल्या पडतात. आणि खोलीतला दुसरा एक मंद दिवा चालू राहू द्या, अंधारात फक्त पान उजळलेलं नको.

ए-101 (सचिव): ठीक आहे. अंतराळवीर रद्द. 32 नग दुधी झाकणाची पिवळसर पट्टी, ॲल्युमिनियमची पाठ, सोबत अर्ध्या मीटरची एक्स्टेंशन. मोठ्या गटातल्या 14 जणांना ओटीजी पिन. बालगटाच्या 8 जणांना रंगपेटी. 402, आधी दोन नमुने मागवतो, तुम्ही आणि 304 बघून घ्या.

बी-402: आणा. एक रात्रभर पेटता ठेवतो, दुसरा उघडून बघतो. उघडलेला परत घेणार नाहीत, त्याचे पैसे समितीच्या खात्यात धरा.

डी-501: मशरूम मी माझ्या पैशांनी घेते 🍄