जांभळ्या काचेच्या इन्सुलेटरची किंमत : तातडीने मदत हवी आहे

तारखांब : कोलोरॅडोतील एका जुन्या रेल्वेमार्गालगत मला गडद जांभळ्या काचेचे इन्सुलेटर (खांबावर तार अडकवण्याची, वीज खांबात उतरू न देणारी टोपी) सापडले असून शनिवारी एक गृहस्थ ते विकत घ्यायला येणार आहेत. किंमत किती सांगावी, एवढेच कृपया लवकर कळवावे.

सांधेवाला : नुसत्या रंगावरून किंमत ठरत नाही. घुमटावर उठावात कोणती अक्षरे आहेत, खालच्या कडेचा टवका उडाला आहे का आणि आत खुंटीवर फिरवून बसवण्याचे आटे आहेत का, हे आधी सांगावे. लुई कॉव्हे यांचे आट्यांचे पेटंट १८६५ सालचे. त्याआधीची बिनआट्यांची इन्सुलेटरे खुंटीवर नुसती बसवलेली असत आणि संग्राहकांचा डोळा त्यांच्यावरच अधिक असतो.

निळावंती : काचेतील हिरवट झाक जावी म्हणून मँगनीज घालत, अशी काच वर्षानुवर्षे उन्हात राहिली की जांभळी होते. हल्ली मात्र गॅमा किरणांचा मारा करूनही असा रंग आणतात, तेव्हा विकत घेताना सावध राहावे.

तारखांब : मी घेत नसून विकतो आहे. ते खांबाखाली मातीत अर्धवट पुरलेले होते, त्यामुळे बनावटीचा प्रश्नच येत नाही.

निळावंती : मग पुरलेली बाजू फिकी आहे का?

सांधेवाला : ती फिकी असलीच पाहिजे असे नाही, कारण खाली पडण्यापूर्वी ते खांबावर चहूबाजूंनी ऊन खात होते.

काजळमाया : वाफेच्या इंजिनांची काजळी ऑक्झॅलिक आम्लाच्या पाण्यात बुडवून ठेवल्यास सुटते. हातमोजे मात्र अवश्य घालावेत.

सांधेवाला : धुण्याचे नंतर पाहू. अक्षरे कोणती?

तारखांब : आटे आहेत, टवका नाही, आणि अक्षरे ‘डब्ल्यू. जी. एम. कंपनी’ अशी आहेत.

सांधेवाला : म्हणजे हा डेन्व्हरच्या वेस्टर्न ग्लास कारखान्याचा माल आहे, आणि त्या मालात जांभळा रंग नेहमीचाच असल्याने रंगापोटी जादा पैसे मिळतीलच असे धरू नये. भाव ठरेल तो आकारावर. इन्सुलेटरांचे अभ्यासक वुडवर्ड यांनी आकारांना दिलेल्या सीडी (कन्सॉलिडेटेड डिझाइन) क्रमांकांपैकी तुमचा कोणता, हे पाहण्यासाठी उंची व बुडाचा व्यास मोजून बाजूने काढलेला फोटो द्यावा.

रूळावरून : रूळ उखडले असले तरी ती जमीन रेल्वे कंपनीचीच असू शकते. परवानगी घेतली होती का?

तारखांब : जमिनीविषयी मी विचारलेले नाही. फोटो रात्री देतो, तोवर निदान अंदाज तरी सांगावा.

सांधेवाला : फोटोशिवाय सांगणार नाही.