चॅनेलवाले मिसळीचं शूटिंग करतो म्हणतात, पैसेही मागतात. काय करावं?

कट_ब्रेड_कोल्हापूर:
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात मिसळीचं छोटं हॉटेल आहे. २४ खुर्च्या, सकाळी ७ ते दुपारी १. एका मराठी चॅनेलच्या खाण्याच्या कार्यक्रमातून बोलतोय म्हणून फोन आला. ३ मिनिटांचा भाग आणि १० दिवस पडद्यावर खाली जाहिरातीची पट्टी, मिळून २०,००० अधिक जीएसटी. शूटिंग मंगळवारी, दाखवणार शनिवारी संध्याकाळी. हे पैसे देणं बरोबर आहे का? आणि त्या दिवशी हॉटेलात काय तयारी ठेवायची? जाणकारांनी सांगा.

जाहिरात_हिशेब:
दादा, आधी एक ठरवा: पैसे घेऊन दाखवतात ती जाहिरात, कार्यक्रम नव्हे. बातमी किंवा खरा खाद्यकार्यक्रम करणारा हॉटेलवाल्याकडे पैसे मागत नाही. जाहिरात घेणं वाईट नाही, पण मग व्यवहारही जाहिरातीसारखाच झाला पाहिजे.

नुसत्या फोनवर आगाऊ रक्कम पाठवू नका. माइकवर रंगीत ठोकळा लावला की कुणीही चॅनेल होतो. माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या वेबसाइटवर परवानगी असलेल्या उपग्रह वाहिन्यांची यादी आहे, तिच्यात नाव बघा. मग त्यांचा जीएसटी नंबर मागून पोर्टलवर टाका. तिथं दिसणारं नाव आणि बँक खात्याचं नाव जुळलं पाहिजे. व्यक्तीच्या नावाचा यूपीआय दिला तर विषय संपला. ‘तुमची पुरस्कारासाठी निवड झालीय, फक्त नोंदणी फी भरा’ हाही त्याच जातीचा फोन.

सगळं ठीक निघालं तर रिलीज ऑर्डर, म्हणजे जाहिरातीची लेखी ऑर्डर, करून त्यांची सही घ्या. तिच्यात भागाची तारीख, वेळ, किती मिनिटं, पुन्हा दाखवणार का, पट्टी दिवसातून किती वेळा आणि प्रत्येक वेळी किती सेकंद, हे आकड्यांत हवं. ‘दिवसभर फिरेल’ असं तोंडी सांगतात आणि पट्टी रात्री दोनला फिरते. १० सेकंदांची, रोज ६ वेळा, १० दिवस, म्हणजे ६० वेळा. त्यातल्या निम्म्या तरी संध्याकाळी ७ ते १० मध्ये लिहून घ्या. अर्धे पैसे आधी, उरलेले प्रसारणाचा दाखला हातात आल्यावर. त्या दाखल्यात प्रत्येक वेळेची नोंद असते.

आणि जीएसटी १८ टक्के, म्हणजे २०,००० चे २३,६०० होतात. तुम्ही हॉटेलचा ५ टक्के लावत असाल किंवा कंपोझिशनमध्ये (छोट्या धंद्यांसाठीच्या जीएसटी योजनेत) असाल, तर हे ३,६०० परत मिळत नाहीत. खर्च धरताना २३,६०० च धरा.

क्लिपचंही आधीच लिहून घ्या. चॅनेलनं केलेल्या व्हिडिओवर चॅनेल आपला हक्क सांगू शकतं. तो तुमच्या पेजवर टाकायला आणि त्यांचा लोगो फ्लेक्सवर छापायला लेखी परवानगी घेऊन ठेवा.

कॅमेऱ्यामागचा:
पैशाचं वर आलंच, मी शूटिंगचं सांगतो.

गर्दीच्या वेळी बोलावू नका. ११ नंतर बोलवा, पण कट, म्हणजे मिसळीचा तिखट रस्सा, चुलीवर ठेवा. वाफ नसली की मिसळ कॅमेऱ्यात शिळी दिसते. प्लेट आधी भरून ठेवायची नाही. फरसाण कटात ३-४ मिनिटांत मऊ पडतं, तर्री कडेला गोठते. उसळ, बटाटा, फरसाण, कांदा, लिंबू वेगवेगळं मांडा आणि कॅमेरामननं ‘चालू’ म्हटल्यावर वरून कट ओता. एका शॉटला ३-४ प्लेटा जातात, म्हणून ८-१० प्लेटांचं सामान बाजूला काढा.

आवाज हा खरा घोटाळा. एक्झॉस्ट, पंखे, मिक्सर बंद. फ्रिजही बंद करावा लागतो आणि नंतर चालू करायचा हमखास विसरतो. स्कूटरची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, घरी जाताना आठवेलच. रेडिओ, मोबाइलवरची गाणी बंद. मागे गाणं वाजत राहिलं की त्याच्या कॉपीराइटचा प्रश्न येतो आणि तो तुकडा कापावा लागतो.

बोलताना लेन्सकडे बघायचं नाही, विचारणाऱ्याकडे बघायचं. प्रश्न एडिटिंगमध्ये कापला जातो, म्हणून उत्तरात प्रश्न घ्या. ‘किती वर्षं झाली?’ याला ‘बावीस’ म्हणून थांबलात तर ते वापरता येत नाही. ‘हे हॉटेल बावीस वर्षं चालू आहे’ असं पूर्ण बोला. १० मिनिटं बोललात तरी २०-३० सेकंद लागतील, तेव्हा पत्ता आणि वेळ पहिल्या वाक्यांतच. बारीक रेघांचा शर्ट नको, पडद्यावर रेघा थरथरतात.

आता फ्रेममध्ये काय दिसतं ते. घरगुती लाल सिलिंडर चुकूनही नको. हॉटेलला व्यावसायिक सिलिंडरच लागतो. भजी-वडे वर्तमानपत्रावर काढलेले नकोत, त्याला बंदी आहे. टोपी, अ‍ॅप्रन, झाकलेली भांडी, भिंतीवर १४ आकडी नंबराचा एफएसएसएआय (अन्नसुरक्षेचा) परवाना. मसाला दाखवायचा तर वाटलेला दाखवा, प्रमाण तुमच्याकडेच राहू दे. गिऱ्हाइकाला आधी विचारा, बायका-मुलं बसलेल्या टेबलाकडे कॅमेरा वळूच देऊ नका.

कट_ब्रेड_कोल्हापूर:
लई उपयोगी. त्यांनी पट्टीचा मजकूर पाठवलाय: ‘महाराष्ट्रातील नंबर १ मिसळ, १०० टक्के शुद्ध, पित्त होणार नाही’. चालेल का?

जाहिरात_हिशेब:
तिन्ही काढा. ‘नंबर १’ला पुरावा लागतो. ‘पित्त होणार नाही’ हा तब्येतीचा दावा झाला, आणि तोही कोल्हापुरी कटाबद्दल! दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात १० लाखांपर्यंत दंड आहे. नाव, चौक, वेळ, सुट्टीचा वार आणि फोन लिहा. १० सेकंदांत वाचून होईल एवढंच, म्हणजे १२-१५ शब्द.

मोडाची_मटकी:
एक गोष्ट कुणीच बोललं नाही. शनिवारी संध्याकाळी दाखवलं की रविवारी सकाळी ७ ला माणसं दारात. मटकीला मोड एका रात्रीत येत नाहीत. भाग दिसायच्या आधीच मटकी भिजलेली असावी लागते, म्हणजे आकडा अंदाजानेच धरायचा.

थंडीत शुक्रवारी रात्री भिजवा, शनिवारी सकाळी उपसून फडक्यात बांधा, रविवारी पहाटे तयार. उन्हाळ्यात शनिवारी सकाळी भिजवून दुपारी ३-४ ला बांधा, नाहीतर मोड लांब होतात आणि वास येतो. एक किलो कोरडी मटकी मोड आल्यावर दोन किलोच्या वर जाते. प्लेटला ६० ग्रॅम धरली तर ३५ च्या आसपास प्लेटा. नेहमीच्या रविवारच्या दीडपट धरा, दुप्पट नको. मोड आलेली जादा मटकी फ्रिजमध्ये २ दिवस निघते, पण शिजलेली उसळ उरली तर गेली. ब्रेडवाल्याला शुक्रवारीच सांगा, रविवारी ऐनवेळी लाद्या मिळत नाहीत.

सगळ्यात मोठी चूक कटात होते. गर्दी वाढली की पातेल्यात पाणी ओततात, तेही गार. तर्री फुटते, मीठ-तिखट उतरतं, आणि नवीन गिऱ्हाइकाच्या ताटात तोच पातळ रस्सा जातो. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण शनिवारीच जादा करून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसरं पातेलं नव्यानं फोडणीला टाका. ते संपलं की ११ वाजले असले तरी ‘मिसळ संपली’ पाटी लावा.

कट_ब्रेड_कोल्हापूर:
आणि गुगलवर जुनीच वेळ दिसतीय, संध्याकाळी ७ पर्यंत उघडं म्हणून.

मोडाची_मटकी:
ते आजच बदला. टीव्ही बघून लोक नाव गुगलवरच शोधतात. वेळ ७ ते १, सुट्टीचा वार, फोन, आणि नकाशावरची खूण तुमच्याच दारात आहे का ते दुसऱ्याच्या मोबाइलवरून तपासा. बदल दिसायला कधी कधी एक-दोन दिवस लागतात.