रेंडर लावला की संगणक एकदम बंद, कधी निळी स्क्रीन. कारण गरमीच का?

संकलक
घरच्या डेस्कटॉपवर व्हिडिओ एडिटिंग करते. प्रोसेसर इंटेल आय५-११४००, कूलर त्याच्यासोबत आलेलाच, रॅम १६ जीबी (८ च्या दोन स्टिक). घर बदललं तेव्हापासून त्रास सुरू झालाय. रेंडर (एडिट केलेल्या व्हिडिओची अंतिम फाइल बनवणं) लावला की थोड्या वेळात स्क्रीन काळी, पंखे थांबतात, सगळं ठप्प. आणि कधी नुसता ब्राउझर उघडा असतानाही निळी स्क्रीन येऊन रीस्टार्ट होतो. धूळ काढून पाहिली, फरक नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची घडामोडींची नोंदवही) दर वेळी ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसतं. कोणी म्हणतं विंडोज नव्याने टाका, कोणी म्हणतं एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) बदला. अंदाजाने पार्ट बदलत बसायचं नाही, म्हणून विचारतेय.

रात्रपाळी
एसएमपीएसच असणार. लोड आला की बंद म्हणजे पॉवर कमी पडतेय.

दुरुस्ती_टेबल
असेलही, पण आत्ताच पैसे घालू नका. ४१ ही नोंद एवढंच सांगते की विंडोज नीट बंद न होता यंत्र बंद पडलं. कारण ती सांगत नाही.

तुमच्या वर्णनात मला दोन वेगळे आजार दिसतात. ४१ च्या नोंदीत तपशील उघडा आणि बगचेककोड, म्हणजे निळ्या स्क्रीनच्या चुकीचा क्रमांक, बघा. रेंडरच्या वेळी तिथे शून्य असेल, तर विंडोजला काही नोंदवायला वेळच मिळाला नाही. म्हणजे पॉवर तरी गेली किंवा तापमानामुळे हार्डवेअरनेच यंत्र बंद केलं. निळ्या स्क्रीनच्या वेळी मात्र तिथे आकडा असेल. त्या दोन्हींना एकच औषध शोधू नका.

आता तापमान. एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये सेन्सर उघडून रेंडर लावा आणि आकडा कसा चढतो ते पाहा. सगळ्यात जास्त ते सांगतं. धूळ किंवा कॅबिनेटमध्ये हवा कोंडणं असेल तर तापमान हळूहळू, काही मिनिटांत वर सरकतं. कूलर प्रोसेसरला नीट टेकलेलाच नसेल तर काही सेकंदांत थेट १०० वर उडी मारतं. या प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांचीच आहे. तिथे पोचला की तो आधी स्वतःचा वेग उतरवतो, आणि तेवढ्यानेही भागलं नाही तर यंत्र बंद होतं.

सोबत येणाऱ्या त्या कूलरला चार कोपऱ्यांत प्लास्टिकच्या खिट्ट्या असतात. सामान हलवताना एखादी सुटणं अगदी शक्य आहे, आणि वरून पाहिलं तर सगळं जागेवरच वाटतं.

तापमान ठीक असूनही बंद पडत असेल, तर रात्रपाळी म्हणतात तसं एसएमपीएसकडे वळू.

संकलक
रेंडर लावताक्षणी ४६ वरून १००! बंद पडलं त्या वेळच्या नोंदीत कोड शून्य आहे. निळ्या स्क्रीनवर ‘मेमरी मॅनेजमेंट’ असं होतं.

दुरुस्ती_टेबल
मग आधी कूलर. वायर काढून, यंत्र गार झाल्यावर खिट्ट्या तपासा. एक जरी सैल असली तरी कूलर पूर्ण काढा. नुसती दाबून बसवू नका, कारण प्रोसेसर आणि कूलरमधली, उष्णता वाहून नेणारी जुनी पेस्ट एकदा सुटली की पुन्हा नीट पसरत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही पृष्ठभाग पुसून मधोमध वाटाण्याएवढी नवी पेस्ट लावा. खिट्ट्या समोरासमोरच्या जोडीने, कर्णात दाबा, म्हणजे दाब सगळीकडे सारखा येतो.

रॅमसाठी मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवर टाकून त्यावरून यंत्र सुरू करा आणि रात्रभर चालू द्या. एकही चूक दिसली तर ती रॅम तशीच वापरू नका. एडिटिंगची फाइल न कळत बिघडते, आणि ते यंत्र बंद पडण्यापेक्षा वाईट.

संकलक
मागच्या बाजूची एक खिट्टी खरंच वर आली होती. पेस्ट बदलली. आता पूर्ण रेंडरमध्ये ७४ च्या वर जात नाही आणि यंत्र बंदही पडलं नाही.

मेमटेस्टमध्ये मात्र चुका दिसल्या. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्ज) एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग, ३६०० वर चालू होतं. ते बंद करून पुन्हा टेस्ट लावली, तर एकही चूक नाही. रॅम बदलावी का?

दुरुस्ती_टेबल
लगेच नको. एक्सएमपी म्हणजे एक प्रकारचं ओव्हरक्लॉकच, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं. ११४०० ची अधिकृत मर्यादा डीडीआर४-३२०० आहे. आधी बायोस अपडेट करा, मग ३२०० ठेवून टेस्ट घ्या. तरी चुका आल्या तर एकेक स्टिक वेगळी लावून तपासा, दोषी कोणती ते कळेल. तोपर्यंत एक्सएमपी बंदच असू द्या. रेंडर जरा हळू होईल, पण फाइल शाबूत राहील.