लेमस भिंतीवरून पुन्हा खाली का उतरतो?

जळगावचा वाचक : आमच्या वाचकगटाने या महिन्यात जॉन ल कॅरे यांची ‘द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड’ ही १९६३ सालची कादंबरी वाचली आणि शेवटावरून गटात सरळ दोन तट पडले. (ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांनी इथेच थांबावे, पुढे सगळा उलगडा आहे.) प्रेयसी लिझला गोळी लागल्यावर, पश्चिम बर्लिनच्या बाजूला उडी मारणे शक्य असतानाही ब्रिटिश हेर ॲलेक लेमस बर्लिनच्या भिंतीवरून पुन्हा तिच्याजवळ उतरतो आणि मारला जातो. हेरगिरीत मुरलेला माणूस असे करील का, की लेखकाला शोकान्तच हवा होता? आपली मते वाचायला आवडतील.

भुसावळकर : मला शेवट पूर्णपणे पटला. लेमसची बडतर्फी, दारू, उधारी नाकारणाऱ्या किराणा दुकानदाराला मारून तुरुंगात जाणे, हे सारे शत्रूच्या हेरांनी गळाला लागावे म्हणून रचलेले सोंग असते. पण तापाने फणफणलेल्या लेमसची लिझने केलेली शुश्रूषा त्या सोंगात कुठेच बसत नाही. ती तेवढी खरी. भिंतीपलीकडून हाका मारणारी माणसे त्याचीच आहेत, आणि तरीही आपल्याला या माणसांनीच फसवले हे त्याला तोपर्यंत कळून चुकलेले असते.

नंदुरबारची वाचक : भुसावळकरांचा मुद्दा मान्य करूनही मला म्हणावेसे वाटते, की लिझ कच्ची उतरली आहे. कम्युनिस्ट पक्षावर भाबडी श्रद्धा आणि लेमसवर तितकेच भाबडे प्रेम, यापलीकडे लेखकाने तिला फारसे काही दिलेले नाही. त्यात भिंतीकडे जाताना मोटारीत लेमस तिला हेरांच्या जगाविषयी जे ऐकवतो, ते ऐन घाईच्या वेळी व्याख्यान ऐकल्यासारखे वाटते.

धुळ्याचा वकील : चर्चा लेमस आणि लिझभोवती फिरते आहे, पण मला खरी शोकांतिका फिडलर या पूर्व जर्मन गुप्तहेर अधिकाऱ्याची वाटते. उलटतपासणीत उभे आयुष्य गेल्यामुळे न्यायाधिकरणाचे प्रकरण मी पुन्हापुन्हा वाचतो. आपला वरिष्ठ मुंट हा ब्रिटिशांचा हस्तक आहे, हा फिडलरचा आरोप अक्षरशः खरा असतो. मात्र लेमस निघून गेल्यावर ब्रिटिश हेरखात्यातला स्मायली आपल्याकडे येऊन गेला आणि आपल्या घराच्या भाडेपट्ट्याचे पैसे कोणीतरी भरले, हे लिझ सरळपणे सांगते आणि त्याच क्षणी सगळा खटला फिडलरवर उलटतो. साक्षीदार खरे बोलते आहे, फिर्यादीही खरे बोलतो आहे, आणि निकाल मात्र नेमका खोटा लागतो! एका सचोटीच्या ज्यू अधिकाऱ्याचा बळी देऊन ज्यूद्वेष्ट्या मुंटला वाचवणे, हीच लंडनची मूळ योजना होती. भिंत १९६१ मध्ये उभी राहिली आणि ल कॅरे त्या काळात बॉनच्या ब्रिटिश वकिलातीत राहून गुप्तहेर खात्याचे काम करत होते. आपल्याच बाजूविषयीची ही कटुता त्यांनी आतून पाहिलेली असणार. म्हणून लेमसचे खाली उतरणे मला प्रेमापेक्षा राजीनामा वाटते. अशा खात्यात परत जाऊन तो करणार तरी काय होता?

नंदुरबारची वाचक : राजीनाम्याचा अर्थ मला जास्त पटतो. मग लिझच्या कच्चेपणाची तक्रार शेवटापुरती तरी मागे घ्यावी लागेल. मोटारीतल्या व्याख्यानाची मात्र कायम आहे.

जळगावचा वाचक : सर्वांचे आभार. आमच्यापैकी कोणीही फिडलरचा विचारच केला नव्हता. पुढच्या बैठकीत न्यायाधिकरणाचे प्रकरण मोठ्याने वाचायचे ठरवतो आहोत. वकीलसाहेबांना धुळ्याहून येणे जमले, तर उलटतपासणी त्यांच्याकडेच सोपवू.