पिकलेला मोतीबिंदू, ए-स्कॅन आणि डोळ्याची लांबी

कोथरूड_ऑप्टोमेट्री
मुळशीकडून येणाऱ्या पेशंटचे मोतीबिंदू बऱ्याचदा पूर्ण पिकलेले असतात. आमचा जुना, ७८० नॅनोमीटरचा ऑप्टिकल बायोमीटर (प्रकाशाने डोळ्याची लांबी मोजणारं यंत्र) तिथे रीडिंगच देत नाही. आजची केस: उजवा डोळा ऑप्टिकलवर २३.४२ मिमी. डावा पांढरा, प्रोब टेकवून केलेल्या ए-स्कॅनवर (अल्ट्रासाउंडने मोजलेली लांबी) २२.९८, २३.११, २३.०३. के (बुबुळाची म्हणजे कॉर्नियाची वक्रता) दोन्हीकडे ४४.५ च्या आसपास, जुन्या चष्म्याचा नंबरही सारखाच. सरासरी धरून बसवायच्या लेन्सची पॉवर काढू का?

बायोमेट्री_सदाशिवपेठ
सरासरी नको. तिन्ही रीडिंग एकाच बाजूला चुकलेली असतील तर सरासरीही तिकडेच जाणार. प्रोबने बुबुळ दाबलं गेलं की लांबी ०.१ ते ०.३ मिमी सहज कमी येते. ०.१ मिमीला साधारण पाव डायॉप्टर (नंबरचं एकक) धरा. इथला फरक खोटा असेल तर लेन्स जास्त पॉवरची बसेल आणि पेशंट मायनस एकच्या आसपास जाईल.

तिन्ही रीडिंगची एसीडी (बुबुळापासून लेन्सपर्यंतचं अंतर) शेजारी ठेवा. लांबीबरोबर एसीडीही घटत असेल तर तो दाबच. ही तुलना त्याच डोळ्यात करा. पांढरा मोतीबिंदू फुगलेला असला तर एसीडी मुळातच कमी असते, उजव्याशी ताडून काही कळणार नाही.

आता इमर्शन करा, म्हणजे प्रोब न टेकवता सलाईनमधून मोजा. के आधी घ्या, नंतर बधिर करणारे थेंब. पेशंटला आडवं झोपवून पापण्यांच्या आत शेल (छोटा, कपासारखा साचा) बसवा आणि सलाईन भरा. बुडबुडा राहिला तर सगळं पुन्हा. प्रोब बुबुळापासून ५ ते १० मिमी वर ठेवा.

अल्ट्रासाउंडवाला
आकड्याआधी ग्राफ बघा. डोळ्याच्या पडद्याचा (रेटिनाचा) स्पाइक बेसलाइनवरून सरळ, उभा उठला पाहिजे. पायऱ्या दिसल्या तर किरण तिरका आहे. पडद्यामागे स्क्लेरा आणि चरबीचे स्पाइक नसतील तर किरण ऑप्टिक नर्व्हवर पडलाय. ध्वनीचा वेग फेकिक मोडमध्ये (डोळ्यातली मूळ लेन्स जागेवर असतानाची सेटिंग), म्हणजे सरासरी १५५० मीटर प्रति सेकंद आहे ना? पडद्याच्या ऑपरेशनमध्ये सिलिकॉन ऑइल भरलं असेल तर तिथला वेग १००० च्या आसपासच असतो. तसंच मोजलं तर लांबी भलतीच जास्त येते.

कोथरूड_ऑप्टोमेट्री
एसीडी लांबीबरोबर हलतेय. शेल मागवतो. पण ऑप्टिकल किरण पडद्याच्या मागच्या थरापर्यंत जातो, अल्ट्रासाउंड पुढच्याच थरावरून परततो, मग इमर्शनच्या आकड्यात ०.२ मिळवायचे का?

बायोमेट्री_सदाशिवपेठ
अजिबात नाही. १९९९ मध्ये आलेल्या पहिल्या ऑप्टिकल यंत्राचा आकडा इमर्शनशीच जुळवून घेतलेला होता, त्यामुळे दोन्हींची थेट तुलना होते. ए-कॉन्स्टंट (पॉवरच्या सूत्रातला त्या लेन्सचा ठरावीक आकडा) मात्र तपासा: लेन्सच्या डबीवरचा सहसा टेकवून केलेल्या ए-स्कॅनसाठी असतो. इमर्शनला ऑप्टिकलचा वापरा.

स्वेप्ट-सोर्सचं (नव्या प्रकारचं ऑप्टिकल) १०५५ नॅनोमीटरचं यंत्र जवळपास कुठे असेल तर पेशंटला आधी तिकडे पाठवा. घट्ट मोतीबिंदूतून तो प्रकाश बराच आत जातो. अगदी पांढऱ्याफेक मोतीबिंदूत तेही अडतं, तिथे शेलच.