आगमन सोहळ्यातील लेझर आणि उतरणारी विमाने : बंदीला विरोध नेमका कशासाठी?

पार्लेकर :
गणेशोत्सवातील लेझरबंदीविषयी काल येथे एका सद्गृहस्थांनी लिहिले की, विमान ढगांतून जाते आणि आमचा दिवा रस्त्यावर असतो, तेव्हा ही बंदी म्हणजे निव्वळ सणावरचा राग आहे. हे वाचून गप्प बसवेना. घाटकोपरच्या बाजूने मुंबईच्या मुख्य धावपट्टीकडे येणारे विमान साधारण तीन अंशांच्या उताराने खाली येते. म्हणजे धावपट्टी पाच किलोमीटरवर असताना ते जेमतेम २६० मीटर उंचीवर असते आणि चाके टेकायला सव्वा मिनिट उरलेले असते. तेवढ्या वेळात धावपट्टीलगतचे लाल-पांढरे दिवे पाहून आपण योग्य उतारावर आहोत की नाही, हे वैमानिकाला ठरवायचे असते. लेझरचा किरण मिरवणुकीत दोरीसारखा बारीक दिसला, तरी अंतर वाढेल तसा तो पसरतो आणि कॉकपिटच्या काचेवरील बारीक ओरखड्यांवर पडला की सगळी काच हिरवीगार उजळते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने धावपट्टीभोवती साडेअठरा किलोमीटरपर्यंत लेझरच्या तीव्रतेला मर्यादा घातली आहे, ती उगाच नव्हे. अमेरिकेत २०२३ या एका वर्षात अशा १३,३०४ घटना वैमानिकांनी नोंदवल्या. तेथे तर कोणाला गणपतीचा राग नसावा.

मंडळवाला :
आकडे अमेरिकेचे आणि दंडुका मात्र आमच्या पाठीवर! त्या तेरा हजार घटनांत विमाने किती पडली, तेवढे सांगा. दुसरे असे की, ट्रसवर, म्हणजे धातूच्या सांगाड्यावर, टांगलेले बहुतेक दिवे शार्पी, म्हणजे दिव्याचाच अरुंद प्रखर झोत टाकणारे, असतात, लेझर नव्हेत. पण हवालदारसाहेब आले की दोन्ही उतरवायला लावतात. मे २०१५ मध्ये मुंबई विमानतळाजवळच्या आकाशात पॅराशूटसारख्या वस्तू दिसल्याने धावपळ उडाली होती. ते एका खासगी कंपनीच्या कार्यक्रमातले फुगे निघाले. तो कोणता उत्सव होता?

पार्लेकर :
विमान पडले नाही, हे मान्य. म्हणून पडेपर्यंत वाट पाहायची काय? माझे मेहुणे वैमानिक आहेत. एका रात्री उतरताना समोरून हिरवा झोत आला, तेव्हा त्यांनी मान खाली घालून विमान सहवैमानिकाकडे सोपवले. विमानातून उतरून घरी जाणाऱ्या गाडीत बसले, तरी डोळ्यांपुढचा डाग गेला नव्हता. शार्पीविषयीचे आपले म्हणणे खरे असेल, परंतु तोही आपण आकाशातच सोडता ना?

घाटकोपर पूर्व :
विमानांच्या सुरक्षिततेची खरी किंमत आम्ही मोजतो, म्हणून मध्ये बोलतो. आमची जुनी चार मजली इमारत फनेल झोनमध्ये, म्हणजे विमानांच्या चढ-उताराच्या वाटेखालच्या, इमारतींच्या उंचीवर मर्यादा असलेल्या पट्ट्यात येते. पुनर्विकासासाठी बिल्डर येतात, उंचीची मर्यादा ऐकतात आणि चहा पिऊन जातात. मागच्या पावसाळ्यात जिन्यावरच्या स्लॅबचा पोपडा शेजारच्या आजींच्या दारात पडला. त्या दूध घ्यायला दोन मिनिटे उशिरा उठल्या म्हणून वाचल्या. दिवे एका बटणाने बंद होतात, आमच्या डोक्यावरची मर्यादा कोण उठवणार?

जुना वकील :
आपली अडचण खरी आहे. परंतु मर्यादा उठवणे हा त्यावरचा इलाज नव्हे. जुलै २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विमानतळाजवळच्या ४८ उंच इमारतींचे मर्यादेबाहेरचे भाग पाडण्याच्या आदेशाची अंमलबजावणी करण्यास जिल्हाधिकाऱ्यांना सांगितले होते, ते विमानांच्या सुरक्षिततेसाठीच.

घाटकोपर पूर्व :
वकीलसाहेब, म्हणजे ज्यांनी नियम मोडला त्यांचे मजले न्यायालयाला सांगावे लागेपर्यंत उभे राहिले, आणि ज्यांनी पाळला त्यांनी पोपडे झेलायचे! मे २०२४ मध्ये आमच्याच भागात विमानाची धडक बसून तीसहून अधिक फ्लेमिंगो रस्त्यांवर आणि गच्च्यांवर पडले होते. ते काही लेझर पाहून आले नव्हते. पक्ष्यांना विमानांच्या वाटेत ओढणाऱ्या पाणथळ जागा आणि कचरा ह्यांवर ह्या धाग्यात कोणी अवाक्षर काढलेले नाही.

मंडळवाला :
नेमकी नस पकडलीत! मजल्यांना हात लावायची हिंमत नाही, म्हणून वर्षातून एकदा येणारा गणपती दिसतो.

पार्लेकर :
पुरे झाले. घाटकोपरकरांचा स्लॅब पडतो, म्हणून तुम्हाला वैमानिकाच्या डोळ्यांत झोत मारण्याचा परवाना मिळतो, हा कुठला न्याय? त्यांच्या पुनर्विकासासाठी तुमच्या मंडळाने आजवर एक अर्ज तरी केला आहे काय? त्यांचे दुःख पुढे करून तुम्ही स्वतःची वर्गणी वाचवत आहात.

मंडळवाला :
वर्गणी काढू नका. आमचा हिशोब फलकावर लागतो. असो. यंदा झोत वर न सोडता मूर्तीमागच्या पडद्यावरच ठेवायला दिवेवाल्याला सांगतो. तुमच्या मेहुण्यांसाठी एवढे करतो. पडद्याचे भाडे मात्र पार्ल्याला पाठवीन.

पार्लेकर :
पाठवा. फक्त तो पडदा लोकांच्या डोक्यांच्या वर बांधा. झोत खाली आणला आणि तोच समोरच्या गर्दीच्या डोळ्यांत गेला, तर वैमानिकाऐवजी खांद्यावर बसलेल्या पोरांच्या डोळ्यांना इजा होईल.